मुलाखत, गटचर्चा, निरीक्षण की रोजनिशी? ग्राहकाची गरज शोधताना पद्धत कशी निवडायची आणि गाडी कुठे घसरते

ठाणे-नवी मुंबईतले छोटे व्यावसायिक ग्राहकांशी बोलत नाहीत असं मुळीच नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरतो, ओळखीच्या सात-आठ जणींना बोलावून चहा-समोसे होतात, 'तुम्हाला नेमकं काय हवंय?' असं विचारलं जातं, सगळ्या 'छान आहे हो' म्हणतात, आणि दोन महिन्यांनी माल पडून राहतो. बोलणं झालेलं असतं, क्रम उलटा झालेला असतो. गटचर्चा घ्यायची हे आधी ठरतं आणि तिथे काय विचारायचं हे रिक्षात बसल्यावर सुचतं.

खाली तो क्रम सरळ करून दिला आहे. समजायला सोपं जावं म्हणून एकच काल्पनिक धंदा सगळीकडे धरू. तुर्भ्याच्या एपीएमसीतून पहाटे भाजी उचलायची, निवडून-चिरून पाव किलोची पाकिटं करायची आणि ठाणे, ऐरोली, घणसोलीत घरपोच द्यायची. पहिल्यांदा मागवणारे भरपूर आहेत, महिन्याभरानंतर टिकणारे थोडे.

टप्पा १: निर्णय कागदावर लिहा

एकच वाक्य लिहायचं: 'अमुक तारखेला आम्ही अ आणि ब यांतलं एक निवडणार आहोत.'

आपल्या उदाहरणात: 'महिनाअखेरीस ठरवायचं की पैसे पहाटे ६ च्या आत डिलिव्हरी सुरू करण्यात घालायचे, की भाजी धुवून-सुकवून देण्याच्या यंत्रात.'

हे वाक्य भरता आलं नाही तर पुढचे टप्पे करू नका. 'ग्राहक समजून घ्यायचाय' हा निर्णय नाही, ती इच्छा झाली. निर्णय नसला की शेवटी हातात चाळीस पानांचा अहवाल येतो आणि तो ड्रॉवरमध्ये जातो.

मग त्या निर्णयातून तीन, फार तर चार प्रश्न काढा. सकाळी डबा भरेपर्यंत स्वयंपाकघरात काय काय होतं? आलेल्या पाकिटाचं पुढे काय होतं? ज्यांनी बंद केलं, त्यांनी कोणत्या आठवड्यात आणि कशानंतर बंद केलं? बस.

तपासा: प्रत्येक प्रश्नाला स्वतःच एक संभाव्य उत्तर देऊन बघा. ते उत्तर आलं तर निर्णय बदलेल का? नसेल बदलत तर तो प्रश्न खोडा, कितीही रंजक असला तरी.

टप्पा २: दुकानात आहे ते आधी वाचा

एक अख्खा दिवस यासाठी ठेवा. गेल्या तीन महिन्यांतले तक्रारीचे मेसेज, परत आलेल्या ऑर्डरी, मागे पडलेली खाती, नकाशावरचे रिव्ह्यू. ग्राहकाचं वाक्य जसंच्या तसं एकेका चिठ्ठीवर उतरवा. सुधारू नका, मराठी-हिंदी जे असेल ते तसंच. पन्नास-साठ चिठ्ठ्या झाल्या की पुरे.

आणि डिलिव्हरी करणाऱ्या मुलासोबत अर्धा तास बसा. कोण दारातच पाकिटाला हात लावून बघतं, कोण 'आजचीच आहे ना?' विचारतं, कुणाकडे पिशवी वॉचमनकडेच राहते, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. आणि त्याला कुणी विचारतही नाही.

सावधान: तक्रार करणारा ग्राहक अजून तुमच्यात जीव असलेला ग्राहक असतो. गुपचूप सोडून गेलेल्याची या चिठ्ठ्यांत एक ओळही नसते. त्यामुळे चिठ्ठ्यांतून शंका उचला, निष्कर्ष नको.

टप्पा ३: उत्तर कुठे दडलंय ते बघून पद्धत निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की त्याचं उत्तर कुठे सापडेल. जागा चारच आहेत.

उत्तर आठवणीत असेल तर एकट्याची मुलाखत. काय घडलं, त्यानंतर काय, मनात काय आलं, हे इथे मिळतं. याचाच एक उपयोगी प्रकार म्हणजे बदलाची मुलाखत. ज्याने नुकतंच काहीतरी घेणं सुरू किंवा बंद केलं, त्याच्याकडून पहिल्यांदा तो विचार आला तिथपासून शेवटच्या दिवसापर्यंतचा माग काढायचा. बदल दोन-तीन महिन्यांच्या आतला हवा. त्यापेक्षा जुना असेल तर माणूस आठवत नाही, रचून सांगतो, आणि आपण रचतोय हे त्यालाही कळत नाही.

उत्तर हातात असेल तर जागेवर जाऊन निरीक्षण. रोज करायच्या गोष्टी माणूस बघत नाही, करतो. भाजी दोनदा धुतो हे मुलाखतीत सांगायचं कुणाला सुचतच नाही.

उत्तर दिवसांच्या अंतरात विखुरलेलं असेल, म्हणजे सोमवारी एक, उपवासाच्या दिवशी दुसरं, रविवारी तिसरं, तर रोजनिशी (ग्राहकाने काही दिवस रोज पाठवलेली छोटी नोंद). 'आठवड्यातून किती वेळा?' या प्रश्नाला तोंडी मिळणारं उत्तर बहुतेकदा चांगल्या आठवड्याचं असतं.

उत्तर चारचौघांत असेल तर गटचर्चा. लोक एकमेकांसमोर काय कबूल करतात, कशाची लाज वाटते, कुठल्या शब्दावरून वाद होतो. चिरलेली भाजी आणणं हा काही घरांत अजून आळशीपणा समजला जातो का, हे गटात पाच मिनिटांत कळतं. एखादीने पहिलं वाक्य 'नाही हो, मी घरीच चिरते' असं टाकलं की बाकीच्या गप्प होतात. ती शांतताच तुमचं उत्तर.

आपल्या तीन प्रश्नांचा हिशेब मग असा लागतो. सकाळचा क्रम म्हणजे निरीक्षण. पाकिटाचं पुढे काय होतं, तर निरीक्षण आणि रोजनिशी. बंद का झालं, तर बदलाची मुलाखत. गटचर्चेची या निर्णयाला फारशी गरजच नाही. आणि नेमकी तीच बहुतेक जण पहिल्यांदा करतात, कारण एका दुपारीत उरकते असं वाटतं.

टप्पा ४: माणसं गोळा करा (घाई इथे महागात पडते)

प्रश्न अचूक असले आणि माणसं चुकली तर सगळं वाया. उलटं झालं तर निदान काहीतरी हाती लागतं. म्हणून हा टप्पा लांब आहे.

चार खाने करा: नियमित घेणारे, घेऊन बंद केलेले, कधीच न घेतलेले, आणि जुगाड करणारे. शेवटचा खाना बहुतेकांकडून राहून जातो. स्टेशनबाहेर बसणाऱ्या मावशींकडून निवडलेली मेथी आणि सोललेला मटार नेणारी बाई तुमची ग्राहक नाही, पण तुम्ही जी गरज भागवू बघताय तीच तिला रोज पडते आणि ती रोज पैसे देऊन भागवते. तिच्या पंधरा मिनिटांत जे मिळतं ते तुमच्या खूश ग्राहकाच्या तासाभरात मिळत नाही.

मग घरांचे प्रकार. नौपाड्यातली लिफ्ट नसलेली जुनी इमारत, घोडबंदर रोडवरचा टॉवर, कोपरखैरण्यातली सिडकोची बैठी घरं, घणसोली गावठाण. यात फक्त उत्पन्नाचा फरक नसतो. ओट्याची लांबी, फ्रिजचा आकार, पाण्याची वेळ आणि दारापर्यंत कोण येऊ शकतं, हे सगळं बदलतं. चारही प्रकारांची गरज नसेल तर दोनच घ्या, पण ठरवून घ्या. 'जे मिळाले ते' म्हणजे तुमच्या स्वतःच्या सोसायटीसारखे लोक.

चाळणीसाठी फोनवर चार-पाच प्रश्न पुरतात, आणि ते वागण्याबद्दल हवेत:

१. काल रात्रीची भाजी कोणती होती, आणि ती कोणी चिरली?
२. गेल्या ७ दिवसांत घरचा डबा किती दिवस गेला?
३. गेल्या महिन्यात खाण्यापिण्याचं काय काय घरपोच मागवलं?
४. घरात स्वयंपाक कोण कोण करतं?
५. घरातलं कुणी बाजारपेठ संशोधन, जाहिरात किंवा भाजीच्या धंद्यात आहे का?

विषय काय आहे ते पहिल्याच वाक्यात फोडू नका. 'चिरलेल्या भाजीबद्दल बोलायचंय' म्हटलं की लोक मदत करायला म्हणून ग्राहक बनतात. 'सकाळच्या स्वयंपाकाबद्दल बोलायचंय' एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही.

किती माणसं? दोन अभ्यास हाताशी ठेवा. ग्रेग गेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या. मुख्य विषय पहिल्या ६ मुलाखतींतच दिसू लागले होते आणि १२ पर्यंत बहुतेक नवं येणं थांबलं होतं. पण तिथला गट बऱ्यापैकी एकसारखा होता. ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर यांनी १९९३ मध्ये ग्राहकांच्या गरजांवरच काम केलं. त्यांच्या हिशेबाने एका गटातल्या ९० टक्क्यांच्या आसपास गरजा सापडायला २० ते ३० मुलाखती लागतात. आकडे वेगळे दिसतात कारण एकात मोठे विषय मोजलेत आणि दुसऱ्यात बारीकसारीक गरजा. छोट्या धंद्याने एका खान्यामागे ६ ते ८ माणसांपासून सुरुवात करावी आणि थांबायचं कधी ते टप्पा ८ मधल्या खुणेवरून ठरवावं.

'पाच माणसं पुरतात' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते ॲप किंवा वेबसाइट वापरताना लोक कुठे अडखळतात हे शोधण्यासाठी आहे. गरजा शोधायला ते लावू नका.

ठरलेल्यांपैकी दर पाचात एक जण येत नाही किंवा ऐन वेळी पुढे ढकलतो असं धरून चाला. ८ हवे असतील तर १० ठरवा.

मोबदला सगळ्यांना सारखा, बोलणं संपल्यावर लगेच यूपीआयने. तुमच्याच मालाचं कूपन देऊ नका, त्याने समोरचा उपकाराखाली येतो आणि कडू बोलणं गिळतो.

सावधान: पंचांग बघा. श्रावणात, नवरात्रात, गणपतीच्या दहा दिवसांत घरातलं खाणं बदललेलं असतं. तेव्हाचं निरीक्षण हे त्या दिवसांचंच निरीक्षण. तसंच पाणी बंद असल्याची सूचना आली असेल त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊ नका. धुण्याबद्दलचा तुमचा सगळा निष्कर्ष त्या एका बादलीवर उभा राहील.

टप्पा ५: प्रश्नांचा कागद

एक पान, मोठ्या अक्षरात, जास्तीत जास्त दहा प्रश्न. भविष्याबद्दलचे सगळे प्रश्न काढून टाका.

'धुतलेली भाजी मिळाली तर घ्याल का?' नको. 'काल पाकीट उघडल्यापासून भाजी कढईत पडेपर्यंत काय काय केलंत ते क्रमाने सांगा' असं विचारा.

'ताजेपणा महत्त्वाचा वाटतो का?' नको. कोण नाही म्हणेल? 'शेवटची भाजी कधी टाकून द्यावी लागली? ती दिसत कशी होती?' असं हवं.

'किती पैसे द्याल?' नको. 'त्या दिवशी त्याऐवजी काय केलंत आणि त्याला किती गेले?'

'का?' हा शब्द जपून वापरा. 'बंद का केलंत?' यात आपल्याकडे जाब विचारल्याचा सूर येतो आणि समोरून नीटनेटकं उत्तर मिळतं, 'महाग पडतं'. पैशाचं कारण सांगितलं की पुढे कुणी विचारत नाही, हे लोकांना ठाऊक असतं. त्याऐवजी: 'शेवटचं पाकीट आलं तो दिवस आठवतो? त्या दिवशी कोणती भाजी होती? मग पुढची ऑर्डर द्यायची वेळ आली तेव्हा काय झालं?' तीन-चार पायऱ्या खाली गेलं की 'महाग'च्या मागचं काहीतरी निघतं. कोबीला वास आला होता. किंवा सासूबाई काहीतरी बोलल्या होत्या.

हाक कशी मारायची तेही आधी ठरवा. अडतीस वर्षांच्या बाईंना 'काकू' म्हटलंत तर पुढचा पाऊण तास जड जाईल. नाव विचारा, 'ताई' किंवा नुसतं 'अहो', आणि घरातल्या मोठ्यांशी पहिल्यांदा दोन शब्द.

तपासा: कागद घेऊन एका ओळखीच्या माणसावर सराव करा. ही मुलाखत निकालात धरायची नाही. ज्या प्रश्नाला 'हो', 'नाही' किंवा 'तसं काही नाही' एवढंच उत्तर आलं, तो प्रश्न पुन्हा लिहा.

टप्पा ६: प्रत्यक्ष काम, या क्रमाने

आधी तीन-चार मुलाखती, मग निरीक्षण, मग रोजनिशी, गटचर्चा हवीच असेल तर सगळ्यात शेवटी. मुलाखतींतून कळतं कुठे बघायचं. निरीक्षणातून कळतं रोजनिशीत काय विचारायचं. गटचर्चा आधी घेतली तर पहिल्या बोलकीचं मत तुमच्या डोक्यात बसतं आणि पुढे तेच सगळीकडे दिसायला लागतं.

*मुलाखत.* ५० मिनिटं. पहिली ५ परवानगी आणि गप्पा, मधली ३५ शेवटच्या खऱ्या प्रसंगावर, शेवटची १० राहिलेल्या प्रश्नांवर. विचारणारा एक, लिहिणारा दुसरा. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाच अंक मोजा. बऱ्याचदा खरं वाक्य चौथ्या अंकाला येतं. रेकॉर्डर बंद करून चपला घालताना जे बोललं जातं तेही महत्त्वाचं असतं, पण ते वापरायचं तर 'हे लिहून घेऊ का?' असं विचारून.

*निरीक्षण.* यावर वेळ घाला.

दोघांनी जायचं, त्यात किमान एक बाई. परक्याच्या स्वयंपाकघरात दोन पुरुष उभे राहिले तर तिथे स्वयंपाक होत नाही, पाहुणचार होतो. टॉवरमध्ये गेटवरच्या ॲपवर आदल्या दिवशीच नोंद करून ठेवा. सकाळी पावणेसहाला वॉचमनशी वाद घालत बसलात तर कणीक मळून झालेली असेल. एका सकाळी एकच घर. घोडबंदरचं आणि घणसोलीचं घर एकाच दिवशी ठेवू नका, कागदावर ते जमतं, रस्त्यावर जमत नाही.

दारात उभं राहायचं, ओट्याजवळ नाही. पहिली पंधरा मिनिटं घरातली बाई तुमच्यासाठी स्वयंपाक करत असते. ओटा पुसला जातो, डबे सरळ होतात. पहिली शिट्टी झाली, मुलाच्या नावाने हाक गेली की ती तुम्हाला विसरते. खरी नोंद तिथून.

कागदावर तीनच रकाने: वेळ, हाताने काय केलं, तोंडाने काय म्हटलं. अर्थ लावायचा रकाना ठेवूच नका.

नोंद कशी दिसायला हवी त्याचा नमुना: '६.०४, फरसबीचं पाकीट कात्रीने कापलं. चाळणीत ओतली. नळाखाली दोनदा धुतली. ६.०७, पंच्यावर पसरली. काळ्या कडा पडलेले सात तुकडे वेचले. एक तुकडा नाकाशी नेला. ६.११, कढई ठेवली. उरलेली मूठभर स्टीलच्या डब्यात, खाली कागद घालून. म्हणाली: आता हे उद्या डाळीत.' सात मिनिटं. हीच बाई मुलाखतीत 'वेळ वाचतो' म्हणाली असेल तर ती खोटं बोलली नाही. सात मिनिटं तिला वेळ वाटतच नाहीत, ती तिला काळजी वाटते. पहाटेची डिलिव्हरी की धुतलेली भाजी, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या पंच्यावर पसरलेलं आहे.

चूक कुठे होते? मध्येच 'हे कशासाठी केलंत?' विचारलं जातं. त्या क्षणी ती थांबते, सांगते, आणि पुढे नीट करून दाखवते. प्रश्न साठवा, डबा गेल्यावर चहासोबत विचारा. चहाला नाही म्हणू नका.

*रोजनिशी.* ७ दिवस, शनिवार-रविवार धरून. प्रत्येकाशी स्वतंत्र व्हॉट्सॲप चॅटवर. ग्रुप कधीच नको, पहिल्याने 'आज पनीर' लिहिलं की बाकीचे पिठलं लपवतात. रोज एकाच वेळी, उदाहरणार्थ रात्री साडेनऊला, तीन प्रश्न: आज भाजी कोणती, कुठून आली, त्यात काय खटकलं. उत्तर व्हॉइस नोटने चालेल, उलट तेच चांगलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लोक गळतात, तेव्हा मेसेज नको, फोन करा. आठव्या दिवशी २० मिनिटांचा शेवटचा फोन, त्यांच्याच नोंदी समोर ठेवून. हा फोन टाळला तर रोजनिशी म्हणजे नुसती भाज्यांची यादी.

*गटचर्चा.* ६ ते ८ जणी, ९० मिनिटं, सूत्रधार आणि नोंद घेणारा वेगळे. सासू आणि सून एका गटात नकोत, शेजारणी नकोत, सोसायटीच्या कमिटीतलं कुणी नको. तोंड उघडण्याआधी प्रत्येकीने तीन मिनिटं स्वतःचं उत्तर कागदावर लिहायचं, कागद जमा करायचे. हात वर करून मोजणी करू नका. बाकी गटचर्चेबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही, ती वाटते तितकी कामाची नसते.

सावधान: रेकॉर्डिंग आणि फोटोआधी स्पष्ट परवानगी घ्या, कशासाठी आणि कधीपर्यंत ठेवणार तेही सांगा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि संमतीचं त्यात स्पष्ट सांगितलं आहे. १८ वर्षांखालची मुलं, फ्रिजवरचे कागद, दारावरची पाटी फोटोत येऊ देऊ नका. नावाऐवजी 'ठाणे ३', 'ऐरोली १' असे क्रमांक वापरा.

टप्पा ७: त्याच संध्याकाळी

परतीच्या ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर तिथेच, नाहीतर घरी पोचल्यावर, पण झोपण्याआधी ३० मिनिटं. दोघांनी आपापलं वेगवेगळं लिहायचं, मग एकमेकांचं वाचायचं. उद्यावर टाकलंत तर निम्मं जातं आणि उरलेलं निम्मं तुमच्या आवडीचं असतं.

प्रत्येक गरज एका चिठ्ठीवर, एकाच साच्यात: 'अमुक वेळी, मला अमुक व्हायला हवं, नाहीतर अमुक होतं.'

'झिपवालं पाकीट हवं' ही गरज नाही, तो ग्राहकाने सुचवलेला उपाय आहे. गरज अशी: 'अर्धं पाकीट उरलं की दुसऱ्या दिवसापर्यंत भाजीला पाणी सुटू नये, नाहीतर ती डाळीत ढकलावी लागते.' उपाय लिहिला तर तुम्ही झिप बसवाल आणि पाणी तरीही सुटेल.

हिंदीत बोललेलं हिंदीतच ठेवा. 'बासी' आणि 'शिळं' एकच वाटतात, पण बोलणाऱ्याने कोणता शब्द कशाला वापरला ते भाषांतरात हरवतं.

टप्पा ८: पद्धतींची तुलना, तासांच्या हिशेबाने

कोणती पद्धत चांगली, हा वाद चवीवर सोडू नका. चिठ्ठ्यांच्या कोपऱ्यात पद्धतीचं अक्षर घाला: मु, नि, रो, ग. सगळ्या भिंतीवर लावा, सारख्या वाटणाऱ्या जवळ आणा, गठ्ठ्यांना नावं सगळ्यात शेवटी द्या. नावं आधी दिली की चिठ्ठ्या नावात कोंबल्या जातात. हे काम दोघांनी वेगवेगळं करून मग जुळवा. एकाच्या नजरेतून बऱ्याच गरजा सुटतात.

मग प्रत्येक पद्धतीपुढे तीन आकडे: एकूण वेगवेगळ्या गरजा किती, फक्त त्याच पद्धतीत सापडलेल्या किती, आणि माणसांचे तास किती गेले. तासांत प्रवास, माणसं शोधणं, ऐकून लिहिणं सगळं धरा. दोघांच्या टीमसाठी ढोबळ अंदाज असा: एक मुलाखत ४ तास, एक निरीक्षण ६ तास, ८ जणांची आठवड्याची रोजनिशी २० तास, एक गटचर्चा १५ तास. गटचर्चा 'दीड तासाची' असते हा भ्रम इथे फुटतो.

ग्रिफिन-हाउझर यांच्या तुलनेत दोन एकट्या मुलाखतींतून साधारण एका गटचर्चेइतक्या गरजा मिळाल्या होत्या. वरच्या ढोबळ तासांत दोन मुलाखती ८ तासांत होतात. तुमच्या धंद्यात गुणोत्तर वेगळं निघू शकतं, म्हणून तर मोजायचं.

'फक्त याच पद्धतीत सापडलेल्या' हा आकडा सगळ्यात बोलका. मुलाखतीत आणि रोजनिशीत तेच तेच येत असेल तर पुढच्या वेळी त्यातलं एक बंद करा.

थांबायची खूण: प्रत्येक नव्या भेटीत किती नव्या चिठ्ठ्या आल्या ते क्रमाने लिहा. एका खान्यात सलग तीन भेटींत एकही नवी आली नाही तर तो खाना बंद. तसं होत नसेल तर एक तर तुम्ही दोन वेगळे गट एकत्र केलेत, नाहीतर चिठ्ठ्या फार बारीक लिहिताय.

टप्पा ९: पद्धती एकमेकींशी भांडल्या तर

भांडणारच. मुलाखतीत 'रोज घेते', रोजनिशीत सातातले दोन दिवस. यांची सरासरी काढू नका. किती वेळा, याला रोजनिशी धरा. काय केलं, याला निरीक्षण. मनात काय होतं, याला मुलाखत. लोकांसमोर काय बोलतात, याला गट. आणि तफावत स्वतंत्र चिठ्ठीवर लिहा, कारण तिथेच बऱ्याचदा न बोललेली गरज असते. रोज घ्यावीशी वाटते, पण पाच दिवस घेतली जात नाही. त्या पाच दिवसांत काय घडलं ते शेवटच्या फोनमध्ये विचारायचं.

टक्केवारी लिहू नका. १६ जणींपैकी ९ जणींनी भाजी पुन्हा धुतली, याचे '५६ टक्के ग्राहक' होत नाहीत. '१६ पैकी ९' असंच लिहा. किती लोकांना ही गरज आहे हे मोजायचं असेल तर त्यासाठी वेगळं सर्वेक्षण, आणि त्यातले पर्याय या चिठ्ठ्यांवरच्या शब्दांतले.

निर्णय घेणाऱ्याला एकच पान द्या. वर टप्पा १ मधलं वाक्य, त्याखाली निर्णयाला लागणाऱ्या पाच-सहा गरजा, प्रत्येकीखाली ग्राहकाचं एक मूळ वाक्य किंवा निरीक्षणातली एक नोंद, आणि शेजारी ती कोणत्या पद्धतींत आणि किती घरांत दिसली. ज्या गरजेपुढे फक्त 'ग' आहे, तिच्यावर यंत्राचे पैसे लावण्याआधी आणखी दोन सकाळी कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा.